फाईल मूव्ह करताना आत काय होतं आणि ते तसं का आहे

कोडमधून फाईल एका फोल्डरमधून दुसऱ्यात टाकायची तर आपण मूव्हची एक ओळ लिहितो आणि पुढे जातो, पण मागे बरंच काही घडलंय.

युनिक्स ही लिनक्सच्या आधीची जुनी ऑपरेटिंग सिस्टम, तिच्या १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलमध्ये फाईल मूव्ह करायची एमव्ही (mv) कमांड होती, पण कर्नलकडे, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याकडे, रिनेम असा सिस्टम कॉलच (प्रोग्रॅमने कर्नलला काम सांगायची सोय) नव्हता, होते फक्त लिंक (फाईलला नाव जोडणं) आणि अनलिंक (नाव काढणं). फाईलचा डेटा आयनोडला, म्हणजे डिस्कवरच्या तिच्या नोंदीला, बांधलेला आणि डिरेक्टरीत, म्हणजे फोल्डरमध्ये, नुसतं नाव आणि आयनोडचा नंबर, त्यामुळे मूव्ह म्हणजे नव्या डिरेक्टरीत नाव लिहायचं आणि जुन्यातलं खोडायचं, डेटा जागचा हलतच नाही. १० जीबीची फाईल त्याच डिस्कवर झटक्यात जाते ती यामुळेच.

आता घोळ बघा, नव्या जागी त्याच नावाची फाईल आधीच असेल तर आधी ती अनलिंक करा, मग लिंक करा, मग जुनं नाव अनलिंक करा, असे तीन कॉल, आणि मध्येच मशीन बंद पडलं तर डेटा शाबूत पण हव्या त्या नावाची फाईलच गायब. म्हणून १९८३ साली ४.२ बीएसडीमध्ये, म्हणजे बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये, रिनेम कॉल आला, बघणाऱ्याला एकतर जुनी फाईल दिसते नाहीतर नवी, मधलं काही नाही. डिरेक्टरी स्वतःच्याच पोटात ढकलली जात नाही ना हेही कर्नल तपासायला लागला, नाहीतर फोल्डरांच्या झाडाचं वर्तुळ झालं असतं. माझ्या मते फाईल सिस्टमच्या इतिहासातलं हे सगळ्यात कमी कौतुक झालेलं काम आहे.

मायक्रोसॉफ्टच्या जुन्या एमएस-डॉस सिस्टमवाल्यांना तर मूव्ह कमांड थेट १९९३ ला ६.० मध्ये मिळाली, तोवर कॉपी करा आणि डिलीट मारा.

पण रिनेमची हद्द एकाच फाईल सिस्टमपुरती, म्हणजे डिस्कच्या एकाच पार्टिशनपुरती. पेन ड्राईव्हवर टाकायला गेलात की लिनक्स एक्सडेव्ह (EXDEV, म्हणजे दोन जागा वेगळ्या फाईल सिस्टमवर आहेत) एरर देतं, कारण इथला आयनोड नंबर तिथे कामाचा नाही. पायथनच्या शटिल (shutil) मॉड्यूलमधलं मूव्ह हेच सांभाळतं, आधी रिनेम करून बघतं, नाही जमलं तर कॉपी करून जुनी फाईल काढून टाकतं. विंडोजवर मात्र पायथनचं ओएस डॉट रिनेम त्या नावाची फाईल आधीच असली की एरर देतं आणि लिनक्सवर गुपचूप तिच्यावर लिहून मोकळं होतं, तो फरक मिटवायला पायथन ३.३ मध्ये ओएस डॉट रिप्लेस आणावं लागलं. जावात जुनं रिनेमटू नुसतं ट्रू किंवा फॉल्स द्यायचं, का फसलं ते कळायचंच नाही, २०११ च्या जावा ७ मध्ये फाईल्स डॉट मूव्ह आलं तेव्हा कुठे नीट एक्सेप्शन, म्हणजे कारणासकट एरर, मिळायला लागलं आणि ॲटॉमिक मूव्हच (एकतर पूर्ण होईल नाहीतर अजिबात नाही असं) हवंय असं सांगायची सोयही झाली.