नॉर्मल की क्रोम? मिक्सटेप भरण्याआधी कॅसेटची मागची कड बघा

आवडती गाणी निवडून, त्यांचा क्रम लावून मित्राला कॅसेट भरून द्यायची ठरली की एक प्रश्न हमखास येतो: कोरी कॅसेट नॉर्मल घ्यावी की क्रोम? क्रोमला जास्त पैसे मोजावे लागतात, म्हणून ती वरच्या दर्जाची असं धरलं जातं. हे अर्धंच बरोबर आहे. चुकीच्या मशीनवर भरलेली क्रोम ही नीट भरलेल्या साध्या कॅसेटपेक्षा वाईट वाजते. आणि मिक्सटेप दुसऱ्याच्या घरी वाजणार असते, त्यामुळे आपल्या डेकइतकाच, म्हणजे कॅसेट भरणाऱ्या मशीनइतकाच, त्याचा प्लेअरही हिशेबात धरावा लागतो.

बाहेरून दोन्ही सारख्याच. फीत 3.81 मिलिमीटर रुंद, वेग सेकंदाला 4.76 सेंटिमीटर. फिलिप्सने 1963 मध्ये कॅसेट बाजारात आणली तेव्हापासून हेच माप चालत आलंय. फरक फितीवरच्या लेपात आहे. नॉर्मल, म्हणजे टाइप वन, कॅसेटवर लोहाच्या ऑक्साइडचा लेप असतो. टाइप टूवर मुळात क्रोमियम डायऑक्साइड होतं, म्हणून ती क्रोम. पुढे टीडीके एसए किंवा मॅक्सेल एक्सएल टूसारख्या कॅसेट आल्या, त्यांच्यात क्रोमियम नाहीच. कोबाल्ट मिसळलेलं लोहाचं ऑक्साइड आहे. तरी डेकच्या दृष्टीने त्या टाइप टूच आणि बटण क्रोमचंच दाबायचं.

टाइप टूचा लेप चुंबकित व्हायला जास्त जोर लागतो. गाणं भरताना डेक त्या सिग्नलमध्ये कानाच्या टप्प्यापलीकडचा एक प्रवाह मिसळतो, तो बायस. टाइप टूला तो टाइप वनच्या साधारण दीडपट द्यावा लागतो. दुसरी गोष्ट इक्वलायझेशन, म्हणजे भरताना आणि वाजवताना सुरांचा तोल लावणं. टाइप वनसाठी ते 120 मायक्रोसेकंद, टाइप टूसाठी 70. आकडे बाजूला ठेवले तर अर्थ एवढाच, की टाइप टूवर ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, जास्त जोरात भरला जातो आणि वाजवताना तेवढाच खाली ओढला जातो. त्याच्याबरोबर फितीची सरसरही साडेचार डेसिबलच्या आसपास कमी होते. शांत आलापीत किंवा दोन गाण्यांमधल्या जागेत हा फरक स्पष्ट ऐकू येतो.

पुढचं सगळं ज्याच्यावर उभं आहे ते हे: भरताना मशीन बायस आणि इक्वलायझेशन दोन्ही बदलतं, वाजवताना फक्त इक्वलायझेशन. म्हणून वाजवतानाची चूक सुधारता येते, भरतानाची नाही.

ओळखायची कशी? कॅसेट अशी धरा की फीत दिसते ती उघडी बाजू खाली आणि ए बाजू तुमच्याकडे. आता वरची, म्हणजे मागची कड बघा. दोन्ही टोकांना रेकॉर्डिंग पुसलं जाऊ नये म्हणून मोडायच्या टिकल्या असतात; डावीकडची ए बाजूची. टिकल्यांना लागूनच, आतल्या अंगाला आणखी एकेक खाच दिसली तर ती टाइप टू. नुसत्याच टिकल्या असतील तर टाइप वन. मध्यभागीही खाचांची जोडी असेल तर ती टाइप फोर, मेटल. आपोआप टाइप ओळखणारे डेक या खाचाच चाचपतात. कॅसेटवर ‘120’ किंवा ‘70’ छापलेलं असतं तेही बघून घ्या. फितीच्या रंगावर मात्र जाऊ नका. टाइप वन सहसा तपकिरी आणि टाइप टू काळपट दिसते, पण गडद टाइप वनही बऱ्याच आहेत.

इथे एक चूक फार होते. जुनी कॅसेट पुन्हा भरायची म्हणून टिकली मोडलेल्या भोकावर सेलोटेप लावतात आणि टेपचा तुकडा लांब असल्यामुळे शेजारची टाइप टूची खाचही झाकली जाते. डेकला वाटतं कॅसेट नॉर्मल आहे. तो बायस कमी देतो, आणि एसएसारख्या चांगल्या फितीवर गाणी चरचरीत भरली जातात. तुकडा फक्त टिकलीच्या भोकाएवढाच कापा, आणि कागदी मास्किंग टेपऐवजी सेलोटेपच वापरा, कारण कागदी टेप डेकच्या खिट्टीने आत दबते.

चुका कशा ऐकू येतात, तेही कानाला माहीत असावं. टाइप टू कॅसेट नॉर्मलवर भरली तर ट्रेबल टोचतो, स, शसारखे उच्चार फाटतात, आणि साध्या टेपरेकॉर्डरच्या इरेझ हेडला आधीचं रेकॉर्डिंग पूर्ण पुसता आलं नाही तर जुनं गाणं मागे बारीक ऐकू येत राहतं. ज्या टू-इन-वनला टेप निवडायचं बटणच नाही त्याच्यावर टाइप टू भरण्यात अर्थ नाही; पैसे वाया जातात आणि आवाजही बिघडतो. उलट टाइप वन क्रोमवर भरली तर बायस जास्त पडतो, वरचे सूर पुसले जातात आणि गाणं घोंगडीखालून आल्यासारखं लागतं. ते नंतर कुठलंही बटण दाबून नीट परत येत नाही.

वाजवतानाचा गोंधळ एवढा गंभीर नाही. नीट भरलेली टाइप टू, 70 ची सोय नसलेल्या वॉकमनवर लावली तर आवाज जरा जास्त उजळ येतो आणि सरसर वाढते, एवढंच. ट्रेबल थोडा उतरवला की काम भागतं. गाडीतल्या प्लेअरवर ‘मेटल’ किंवा ‘एमटीएल’ असं बटण असेल तर टाइप टूसाठी तेच दाबा. मेटललाही 70 च लागतं.

विकत मिळणाऱ्या भरलेल्या कॅसेटमध्ये आणखी एक गुंता आहे. परदेशी कंपन्यांनी बऱ्याच कॅसेट क्रोम फितीवर काढल्या, मुखपृष्ठावर तसं छापलं, पण भरल्या 120 वर आणि कवचाला टाइप टूच्या खाचाही ठेवल्या नाहीत. त्या नॉर्मलवरच वाजवायच्या. ‘क्रोम’ शब्द वाचून हाताने बटण फिरवलंत तर उगाच मंद ऐकू येतील. अशा वेळी छापील शब्दापेक्षा खाचांचं ऐका.

मग घ्यायची कोणती? 78 आरपीएमच्या तबकड्यांवरून आलेली नाट्यगीतं, जुनी भावगीतं, कीर्तनं भरायची असतील तर चांगली टाइप वन पुरेशी आहे. त्या ध्वनिमुद्रणांत साधारण सात-आठ हजार हर्ट्झच्या वर फारसं काही नसतंच, त्यामुळे टाइप टूचा वरचा विस्तार कामाला येत नाही. टाइप वनमध्येही प्रती आहेत: टीडीके डी ही रोजच्या वापराची, एडी किंवा मॅक्सेल एक्सएल वन एस या बऱ्याच वरच्या. संतूर, झांजा, रॉक बँडचे सिंबल्स, ध्वनिक गिटार, सिंथेसायझर यांना टाइप टूच द्यावी. वरचे सूर जोरात आले की टाइप वन त्यांना लवकर दाबते, टाइप टू बरीच सहन करते. ढोल-ताशा, पखवाज किंवा जड बास असलेली गाणी मात्र उत्तम टाइप वनवर भरदार येतात. अस्सल क्रोमियमच्या फिती तिथे कमी पडतात. आज नव्याने तयार होणाऱ्या कॅसेट जवळजवळ सगळ्या टाइप वनच आहेत. टाइप टू म्हणजे जुना, न उघडलेला माल, म्हणून ती जपून, योग्य गाण्यांसाठीच खर्चावी.

मित्राकडे काय आहे ते आधी विचारा. आजकालचा स्वस्त नवा प्लेअर असेल तर बहुधा त्याला 70 ही नसतं आणि डॉल्बी, म्हणजे फितीची सरसर कमी करणारी सोय, तीही नाही. त्याला टाइप वन, डॉल्बी बंद ठेवून भरून द्या. चांगला डेक असेल तर टाइप टू आणि डॉल्बी बी. दीड तासाची, म्हणजे सी-90 ची फीत 12 मायक्रॉनच्या आसपास जाडीची आणि साठ मिनिटांवालीची 18. टाइप वन असो की टू, दोन तासांची सी-120 टाळावी, तिची फीत आणखी पातळ असते आणि अडकते.

लेव्हल, म्हणजे गाणं किती जोरात भरायचं ते, ठरवताना गाण्यातला सर्वांत मोठा आवाज आधी वाजवून घ्या. टाइप वनवर झांजांसारखे तीव्र सूर असतील तर काटा शून्यावर थांबवा, मऊ गाणं असेल तर +3 पर्यंत चालतं. डेकला बायसची वेगळी कळ असेल तर दोन स्टेशनांमधला एफएमचा खरखराट लेव्हल -20 वर ठेवून मिनिटभर भरा आणि मूळ आवाजाशी ताडून बघा. फितीवरचा मंद वाटला तर बायस कमी करा, टोचरा वाटला तर वाढवा. कॅसेटचा ब्रँड बदलला की दर वेळी हे पुन्हा करावं लागतं.

जुनी टाइप टू कॅसेट संगणकावर घेताना चुकून 120 वर वाजवली असेल तर पुन्हा सगळं करायची गरज नाही. ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये 1,700 हर्ट्झच्या आसपास हाय शेल्फ, म्हणजे त्यावरचे सगळे सूर एकसारखे वर-खाली करणारा फिल्टर, लावून 4.7 डेसिबल उतरवा. डॉल्बी सोडवायचा, म्हणजे डॉल्बीने भरलेला आवाज पूर्ववत करायचा, राहिला असेल तर आधी हा शेल्फ लावा आणि मगच डॉल्बी; क्रम उलटला तर डॉल्बीचा हिशेब चुकतो आणि आवाज मागेपुढे होऊ लागतो.