आर्जिओपे ऑस्ट्रॅलिस

चक्राकार जाळे विणणाऱ्या अरेनिइडी कुलातील एक कोळी. पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील गवताळ माळ, सॅव्हाना आणि घरांभोवतीच्या बागा हे त्याचे घर. वाल्कनर या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८०५ मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले.

मादी दोन-अडीच सेंटिमीटर लांब असते. तिचे शिरोवक्ष चंदेरी असून उदरावर पिवळे-काळे पट्टे आणि कडेने बोथट उंचवटे असतात. नर जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा, तपकिरी. दोघे एकाच जातीचे आहेत हे सांगूनही चटकन पटत नाही.

गवताच्या काड्यांमध्ये, नाकतोडे उड्या मारतात त्याच उंचीवर मादी जाळे ताणते आणि मधोमध डोके खाली करून बसते. पाय जोडीजोडीने जुळवलेले असल्याने आठ असूनही चारच भासतात. नजर अधू, सारी मदार धाग्यांच्या कंपनांवर. धडधाकट नाकतोडा लाथा झाडून सुटू शकतो, म्हणून त्याला ती आधी चावत नाही. मागच्या पायांनी रेशमाचे पट्टेच्या पट्टे ओढून त्याच्यावर टाकते, तो पुरता जखडला की मग दंश करते. पतंगाच्या बाबतीत मात्र या वंशातील कोळी क्रम उलटा करतात. पंखांवरचे खवले गळून पतंग निसटतो, म्हणून आधी चावा आणि मग गुंडाळणे.

याच गुंडाळण्याच्या रेशमाने मादी जाळ्यावर ठळक पांढरी नागमोडी नक्षी काढते. ती कशासाठी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. अतिनील किरण परावर्तित करून ती कीटकांना ओढते, असे एक मत. शत्रूला चकवते किंवा पक्ष्यांना जाळे दाखवून ते फाटू देत नाही, असे दुसरे. आर्जिओपेच्या निरनिराळ्या जातींवरील प्रयोगांचे निष्कर्षही परस्परविरोधी आहेत. काहींत नक्षीमुळे भक्ष्य वाढले, काहींत घटले. एकच कारण शोधण्याचा आग्रह सोडलेला बरा, कारण माळ, भक्ष्य आणि शत्रू बदलले की नक्षीचा उपयोगही बदलू शकतो.

मादी रेशमी पिशवीत अंडी घालते. पिल्ले बाहेर पडल्यावर हवेत धागा सोडून वाऱ्याबरोबर दूर जातात. हा कोळी माणसाला धोकादायक नाही.

याच वंशातील आर्जिओपे अनसुजा ही जाती महाराष्ट्रात बागांत व झुडपांत आढळते. जाळ्यावरच्या नक्षीमुळे निसर्गप्रेमी तिला ‘सिग्नेचर स्पायडर’ म्हणतात.