पडद्यावरचा फितूर आणि पोझनानचे तिघे

२००१ मध्ये आलेल्या ‘एनिग्मा’ (हे जर्मन लष्कराच्या गुप्तलिपी-यंत्राचं नाव) या चित्रपटाची गोष्ट मार्च १९४३ मधली. जर्मन पाणबुड्यांनी हवामान-संदेशांची पुस्तिका बदलली, ते संदेश फोडणारं ब्रिटिशांचं गुप्त केंद्र ब्लेचली पार्क ऐन वेळी आंधळं झालं आणि त्याच दिवसांत अटलांटिकमध्ये दोन मोठे जहाजताफे पाणबुड्यांच्या तावडीत सापडले. इथवर सगळं खरं. (चित्रपट पाहायचा असेल तर पुढचं वाक्य गाळा.) फितूर मात्र दाखवलाय एक पोलिश माणूस, कातीनच्या हत्याकांडाने (सोव्हिएत रशियाने केलेल्या पोलिश अधिकाऱ्यांच्या कत्तलीने) पेटलेला. पोलंडला हे झोंबलं, आणि झोंबणारच.

कारण एनिग्मा पहिल्यांदा फोडलं ते पोलंडने, डिसेंबर १९३२ मध्ये. पोझनान विद्यापीठात गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी १९२९ मध्ये गुप्तलिपीचा वर्ग भरवला गेला, त्यातून तिघे निवडले गेले: मारियान रेयेव्स्की, येझी रुझित्स्की आणि हेन्रिक झिगाल्स्की. हान्स-थिलो श्मिट हा जर्मन कर्मचारी पैशांसाठी फ्रेंचांना कागद विकत होता; ते वॉर्सात पोचले. पण यंत्रातली जी चक्रं अक्षरं बदलत, त्यांच्या आतली तारांची जोडणी कागदांत नव्हती. ती रेयेव्स्कीने समीकरणं मांडून काढली. एका जागी तोही अडला. बाजारात मिळणाऱ्या यंत्रात कळा चक्रांना कळफलकाच्या क्रमाने जोडलेल्या असत. लष्करी यंत्रात तो क्रम लागू पडेना. शेवटी त्याने साधी ए-बी-सी-डी लावून पाहिली, आणि कुलूप उघडलं! ब्रिटिशांचा मुरलेला तज्ज्ञ डिली नॉक्स याच प्रश्नापाशी अडून बसला होता. जुलै १९३९ मध्ये वॉर्साजवळच्या पिरीच्या जंगलात पोलिशांनी सगळं उघड केलं, तेव्हा इतकं सोपं उत्तर ऐकून तो भडकला. पाच आठवड्यांनी युद्ध पेटलं. ब्लेचलीतला गणितज्ञ ॲलन ट्युरिंग याचं एनिग्मा फोडणारं यंत्र वेगळ्या तत्त्वावर चाललं हे खरं, पण ब्लेचलीची सुरुवात या शिदोरीवर झाली.

आणि खरा फितूर? ब्लेचलीतून रशियाला खरोखर कागद पोचवले ते जॉन केर्नक्रॉस या स्कॉटिश माणसाने.

रुझित्स्की १९४२ मध्ये भूमध्य समुद्रात जहाज बुडून गेला. उरलेले दोघे १९४३ मध्ये इंग्लंडला पोचले, पण ब्लेचलीचं दार त्यांना उघडलं नाही. बॉक्समूरला बसून ते एसएस या नाझी दलाच्या, यंत्राविना हातानेच रचलेल्या गुप्तलिप्या सोडवत राहिले. रेयेव्स्की १९४६ मध्ये मायदेशी परतला, बिडगोश्चमध्ये हिशेबाच्या नोकऱ्या केल्या आणि वर्षानुवर्षं एनिग्माचं नावही काढलं नाही.