सहसंयुज संयुगांचे नामकरण

दोन अधातू मूलद्रव्यांचे अणू इलेक्ट्रॉनांची भागीदारी करतात तेव्हा जे रेणू बनतात, त्यांना अणूंच्या संख्येवरून नाव देण्याची पद्धत. शाळेत संज्ञा आणि संयुजा शिकून झाल्या की हा भाग येतो.

नाव देण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो : संयुगात धातू आहे का? विद्यार्थी बहुतेक वेळा इथेच चुकतात. धातू असेल तर आयन, म्हणजे प्रभार असलेले अणू, बनतात. कॅल्शियमच्या आयनावर २ धन प्रभार आणि क्लोराइडवर १ ऋण प्रभार असतो, म्हणजे एका कॅल्शियमला दोन क्लोराइड लागणार हे ठरलेलेच. तिथे ‘कॅल्शियम क्लोराइड’ एवढे म्हटले की पुरते, ‘डायक्लोराइड’ म्हणायची गरज नसते. अधातूंचे तसे नाही. नायट्रोजन आणि ऑक्सिजन या एकाच जोडीची नायट्रस ऑक्साइडपासून डायनायट्रोजन पेंटॉक्साइडपर्यंत निदान सहा संयुगे आहेत. म्हणून इथे संख्या नावातच सांगावी लागते.

रीत अशी : कमी विद्युतऋण, म्हणजे इलेक्ट्रॉन स्वतःकडे कमी ओढणाऱ्या, मूलद्रव्याचे नाव आधी, जसेच्या तसे. दुसऱ्याचे शेपूट कापून ‘आइड’ हा प्रत्यय लावायचा : ऑक्सिजनचे ऑक्साइड, क्लोरीनचे क्लोराइड, सल्फरचे सल्फाइड. मग दोन्ही नावांना संख्यादर्शक उपसर्ग जोडायचे : मोनो, डाय, ट्राय, टेट्रा, पेंटा, हेक्सा, हेप्टा, ऑक्टा, नोना, डेका. पहिल्या मूलद्रव्याचा एकच अणू असेल तर ‘मोनो’ लावत नाहीत. सल्फरचा १ अणू आणि फ्लुओरीनचे ६ अणू म्हणजे सल्फर हेक्साफ्लोराइड. फ्लुओरीन ऑक्सिजनपेक्षाही विद्युतऋण असल्याने या दोघांच्या संयुगात ऑक्सिजन पुढे येतो आणि नाव होते ऑक्सिजन डायफ्लोराइड.

हे उपसर्ग घोकून पाठ करायला लावले जातात, पण मराठी मुलांना त्याची फारशी गरज पडू नये. नोना लॅटिन आहे, बाकीचे ग्रीक. आणि ग्रीक, लॅटिन व संस्कृत या एकाच कुळातल्या भाषा. डाय म्हणजे द्वि, ट्राय म्हणजे त्रि, पेंटा म्हणजे पंच, हेप्टा म्हणजे सप्त, ऑक्टा म्हणजे अष्ट, नोना म्हणजे नव, डेका म्हणजे दश. वेगळा आहे तो फक्त मोनो. जुन्या मराठी लेखनात कार्बन डायऑक्साइडला ‘कर्बद्विप्राणिद’ म्हणत, त्यातला ‘द्वि’ हाच तो ‘डाय’. वर्गात पहिल्याच दिवशी हे नाते फळ्यावर मांडावे, असे मला मनापासून वाटते.

स्वर एकमेकांना भिडतात तिथे संधीसारखाच प्रकार होतो. मोनो आणि ऑक्साइड मिळून मोनॉक्साइड, टेट्रा आणि ऑक्साइड मिळून टेट्रॉक्साइड. डाय आणि ट्राय मात्र तसेच राहतात. आयुपॅक या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २००५ च्या शिफारशींत मोनॉक्साइड सोडून इतरत्र स्वर गाळलेला नाही, त्यामुळे टेट्राऑक्साइड लिहिणाऱ्याचे उत्तर चुकीचे धरू नये.

घटकांवरून नाव, हा विचार १७८७ मध्ये पॅरिसला गीतों द मोर्व्हो, लाव्हाझिए, बर्तोले आणि फूर्क्रुआ या रसायनशास्त्रज्ञांनी मांडला. त्याआधी आजच्या कार्बन डायऑक्साइडला रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक ‘बद्ध हवा’ म्हणत होते. त्या नावावरून आत काय आहे ते कळत नसे.

एका उपसर्गाने किती फरक पडतो पाहा. कार्बन डायऑक्साइड सोड्याच्या बाटलीत असतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी धुमसत राहिली तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास, तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो आणि जीव घेतो.

आणखी एक चूक हटकून होते. विद्यार्थी गणितातल्या सवयीने २ : ४ हे प्रमाण १ : २ करून टाकतात. कॅल्शियम क्लोराइडसारख्या आयनिक संयुगात ते चालते, इथे नाही. नायट्रोजन डायऑक्साइड तपकिरी आहे, डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड रंगहीन. या दोन्ही वायूंच्या मिश्रणाने भरलेली बंद नळी बर्फात ठेवली की रंग फिकट होतो, गरम पाण्यात बुडवली की गडद होतो. एकाच नळीत दोन वेगळे रेणू एकमेकांत बदलताना डोळ्यांना दिसतात.

रूढ नावे मात्र नियमाला जुमानत नाहीत. पाण्याला डायहायड्रोजन मोनॉक्साइड कोणी म्हणत नाही, अमोनिया अमोनियाच राहतो. वाळूतल्या सिलिकॉन डायऑक्साइडचे नाव नियमाप्रमाणे आहे, पण त्यात सुटा रेणूच नसतो. अणूंचे अखंड जाळे असते. प्रयोगशाळेच्या कपाटात ओलावा शोषणाऱ्या पांढऱ्या भुकटीच्या बाटलीवर ‘फॉस्फरस पेंटॉक्साइड’ लिहिलेले असते. ते नाव २ : ५ या साध्या प्रमाणावरून पडले. प्रत्यक्ष रेणूत फॉस्फरसचे ४ आणि ऑक्सिजनचे १० अणू असतात, म्हणून नियमाने तो टेट्राफॉस्फरस डेकॉक्साइड.