खाद्यपदार्थात किंवा पेयात रक्त आढळल्यास : आजाराचा धोका, जबाबदारी कोणाची आणि तक्रार अर्जाची प्रक्रिया

जून 2024 मध्ये मुंबईतील मालाड येथे ऑनलाइन मागवलेल्या आइस्क्रीमच्या कोनमध्ये माणसाच्या बोटाचा तुकडा सापडला. पुढे डीएनए तपासणीत तो इंदापूर येथील कारखान्यातील एका कामगाराच्या बोटाचा असल्याचे निष्पन्न झाले. प्रकरण शेवटपर्यंत उलगडले, कारण ग्राहकाने तो तुकडा फेकून न देता जपून ठेवला आणि थेट पोलीस ठाणे गाठले. बहुतेक घरांत नेमके याच्या उलट घडते. पदार्थावर लाल डाग दिसला की आधी किळस येते, मग एचआयव्हीची भीती बसते, आणि या गोंधळात पदार्थ कचऱ्याच्या डब्यात जातो. तक्रारीचा कणा असलेला पुरावा त्याच क्षणी संपलेला असतो.

आजाराचा धोका नेमका किती?

एचआयव्ही अन्नातून किंवा पाण्यातून पसरत नाही. हा विषाणू शरीराबाहेर फार काळ टिकत नाही आणि हवा, शिजवण्याची उष्णता व जठरातील आम्ल यांपुढे त्याचा निभाव लागत नाही. एड्सग्रस्त कामगाराने पेयाच्या बाटल्यांत रक्त मिसळल्याचा आणि पोलिसांनी इशारा दिल्याचा दावा करणारा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो खोटा असून पुढे पाठवू नये. हिपॅटायटिस बी आणि सी यांचे विषाणू शरीराबाहेर बरेच चिवट असतात. बी चा विषाणू कोरड्या पृष्ठभागावरही किमान 7 दिवस तग धरतो. तरीही हे दोन्ही आजार अन्नातून पसरणाऱ्या आजारांमध्ये मोडत नाहीत. तोंडात ताजी जखम असताना किंवा हिरड्यांतून रक्त येत असताना ताजे रक्त तोंडात गेले असेल, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हिपॅटायटिस बी ची लस पूर्वी घेतली नसल्यास प्रतिबंधक उपाय शक्यतो 24 तासांच्या आत करायचे असतात, तर एचआयव्हीप्रतिबंधक औषधे द्यायची की नाहीत याचा निर्णय 72 तासांच्या आत व्हावा लागतो. दुसऱ्याच दिवशी केलेली रक्ततपासणी आधीची स्थिती दाखवते, या घटनेचा परिणाम दाखवत नाही, हेही लक्षात ठेवावे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या 1097 या क्रमांकावर याविषयी विनाशुल्क सल्ला मिळतो.

रक्तापेक्षा अधिक काळजी करावी ती ज्या हातातून ते आले त्या हाताची. चिघळलेल्या, पू झालेल्या जखमेतून स्टॅफिलोकोकस नावाचा जीवाणू पदार्थात उतरतो आणि उबदार जागी ठेवलेल्या पदार्थात विष तयार करतो. हे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. खाल्ल्यानंतर अर्ध्या तासापासून 8 तासांपर्यंत उलट्या, पोटात मुरडा आणि जुलाब सुरू होतात. म्हणूनच अन्न व्यवसायांसाठीच्या 2011 च्या परवाना व नोंदणी विनियमांतील चौथ्या अनुसूचीत उघडी जखम असलेल्या कामगाराने अन्न हाताळण्यावर बंधन आहे, आणि कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आवश्यक केलेली आहे. मोठ्या कारखान्यांत जखमेवर निळ्या रंगाची पट्टी वापरतात, कारण निळा रंग पदार्थात पडला तर चटकन नजरेस येतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. पाकीटबंद चिकन किंवा मटणाच्या तळाशी साचलेले लालसर पाणी हे बहुधा रक्त नसून स्नायूंतील मायोग्लोबिन मिसळलेले पाणी असते. केवळ त्यावरून केलेली तक्रार टिकत नाही. तेच पाणी शेजारच्या कोशिंबिरीत ठिबकले असेल तर गोष्ट वेगळी.

तक्रार कोण करू शकतो?

अन्न व औषध प्रशासनाकडे कोणीही तक्रार करू शकतो. त्यासाठी स्वतः खरेदी केलेली असण्याची अट नाही. ग्राहक आयोगाकडे मात्र पैसे मोजून वस्तू घेणारा किंवा त्याच्या संमतीने ती वापरणारा असावा लागतो. म्हणजे वडिलांनी आणलेला पफ मुलीने खाल्ला तरी मुलगी ग्राहक ठरते, आणि ती अज्ञान (18 वर्षांखालील) असल्यास पालक तिच्या वतीने अर्ज करतात. पुनर्विक्रीसाठी माल घेणारा दुकानदार या व्याख्येत बसत नाही.

आधी पुरावा, मग अर्ज

पदार्थ पुसू नये, दाबू नये, दुसऱ्या ताटात काढू नये. ज्या कागदासह किंवा डब्यासह आला, त्यासह तो स्वच्छ पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये ठेवावा आणि पिशवीवर तारीख व वेळ लिहावी. बिल, यूपीआयची नोंद, ऑर्डरचा स्क्रीनशॉट, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि एफएसएसएआयचा (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा) 14 अंकी क्रमांक हे सगळे एकत्र ठेवावे. हा क्रमांक 1 ने सुरू होत असल्यास परवाना आणि 2 ने सुरू होत असल्यास नोंदणी, असे समजावे. 1 जानेवारी 2022 पासून हा क्रमांक हॉटेलच्या बिलावरही छापणे बंधनकारक आहे. त्रास झाला असेल तर केसपेपरवर पदार्थाचे नाव आणि खाल्ल्याची वेळ डॉक्टरांना लिहायला सांगावी. पुढे कारण आणि परिणाम जोडण्यासाठी ही एक ओळ औषधांच्या बिलांपेक्षा अधिक उपयोगी पडते.

अर्जात ‘रक्त होते’ असे ठामपणे लिहू नये. बीट, टोमॅटो, खाण्याचा रंग यांचेही डाग तसेच दिसतात. ‘रक्तासारखा दिसणारा लाल डाग आढळला, तपासणी व्हावी’ असे लिहावे. प्रयोगशाळेचा अहवाल वेगळा आला तरी अर्जदार खोटा ठरत नाही.

अर्ज कोठे करावा?

महाराष्ट्रात जिल्ह्याच्या सहायक आयुक्त (अन्न) कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. प्रशासनाचा विनाशुल्क क्रमांक 1800-222-365 आणि एफएसएसएआयचा 1800-112-100 असून, फूड सेफ्टी कनेक्ट या अॅपवरूनही तक्रार नोंदवता येते. गोव्यात हे काम बांबोळी येथील अन्न व औषध प्रशासन संचालनालय पाहते.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 40 नुसार खरेदीदाराला शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते आणि दोष निघाल्यास शुल्क परत मिळते. यात एक मेख आहे. तपासणी करून घेणार असल्याचे विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच सांगावे लागते, आणि पाकीट उघडण्याआधी असे सांगणारा ग्राहक विरळाच. त्यामुळे अर्जात त्याच बॅचचे नमुने दुकानातून व कारखान्यातून घेण्याची स्पष्ट विनंती करणे अधिक उपयुक्त ठरते. अधिकारी नमुन्याचे चार भाग करून सील करतात आणि विश्लेषकाने 14 दिवसांत अहवाल द्यावा, अशी तरतूद आहे. रक्त माणसाचे आहे का, कोणाचे आहे, हा प्रश्न असेल तर तपासणी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत होते आणि त्यासाठी पोलिसांकडे जावे लागते. मात्र फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अन्नभेसळीच्या बाबतीत भारतीय दंड संहितेच्या कलम 272 व 273 पेक्षा अन्न सुरक्षा कायद्याचे कलम 59 वरचढ असल्याचे स्पष्ट केले. म्हणून केवळ पोलीस तक्रारीवर विसंबून प्रशासनाकडील अर्ज टाळू नये.

कामगाराची एचआयव्ही तपासणी करून अहवाल दाखवा, अशी मागणी मात्र अर्जात लिहू नये. 2017 च्या एचआयव्ही व एड्स कायद्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि अहवाल उघड करता येत नाही. त्या कामगाराच्या वैद्यकीय योग्यतेचे प्रमाणपत्र कारखान्याकडे आहे का, हे तपासण्याची मागणी मात्र रास्त आहे आणि तीच करावी.

जबाबदारी आणि भरपाई

सीलबंद पाकिटातील दोषाची जबाबदारी प्रामुख्याने उत्पादकावर येते. माल अस्वच्छ जागी हाताळला किंवा ठेवला असेल, किंवा असुरक्षित असल्याचे माहीत असून विकला असेल, तर विक्रेताही अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 27 खाली जबाबदार ठरतो. बाह्य पदार्थ आढळल्यास याच कायद्याच्या कलम 54 नुसार 1 लाख रुपयांपर्यंत दंड आहे. असुरक्षित अन्नासाठी कलम 59 नुसार कैदेची तरतूद असून इजा जितकी गंभीर तितकी शिक्षा वाढत जाते, आणि मृत्यू झाल्यास ती किमान 7 वर्षे आहे. हा दंड सरकारजमा होतो, ग्राहकाला मिळत नाही. ग्राहकासाठी कलम 65 आहे. त्यानुसार मृत्यू झाल्यास किमान 5 लाख, गंभीर इजेसाठी 3 लाखांपर्यंत आणि इतर इजेसाठी 1 लाखापर्यंत भरपाईचा आदेश देता येतो.

प्रत्यक्ष आजार झाला नाही, फक्त किळस आणि धास्ती वाट्याला आली, अशी प्रकरणे सर्वाधिक असतात आणि तेथे अर्जाची मांडणी महत्त्वाची ठरते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधील उत्पादन दायित्वाच्या (सदोष उत्पादनामुळे झालेल्या हानीच्या जबाबदारीच्या) प्रकरणात मानसिक त्रास गृहीत धरला आहे, पण तो आजार, इजा किंवा मालमत्तेच्या नुकसानीला जोडून आलेला असावा लागतो. नुसत्या धास्तीसाठी ‘सदोष वस्तू’ या मुद्द्यावर परतावा आणि भरपाई मागणे हा अधिक सुरक्षित मार्ग आहे.

जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करण्यासाठी घटनेपासून 2 वर्षांची मुदत आहे. वस्तूसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. अर्जदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही अर्ज चालतो आणि तो ग्राहक आयोगांच्या ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवरून दाखल करता येतो. अर्जासोबत शपथपत्र, ओळखपत्र, वर सांगितलेली कागदपत्रे, प्रशासनाकडील तक्रारीची पोच आणि छायाचित्रे किंवा चित्रफिती असल्यास भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालील (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे) प्रमाणपत्र जोडावे. वकील नेमणे सक्तीचे नाही. प्रयोगशाळेची तपासणी लागणार असल्यास 5 महिन्यांत, अन्यथा 3 महिन्यांत निकाल द्यावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात याहून अधिक काळ लागतो, हे धरूनच चालावे. निकाल मान्य नसल्यास 45 दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते, आणि अपील कंपनीने केले तर आदेशातील निम्मी रक्कम तिला आधी भरावी लागते.