शेवाळ उत्तर दिशा दाखवतं का?

‘जंगलात वाट चुकली तर शेवाळ बघा, ते झाडाच्या उत्तरेलाच वाढतं.’ रानातल्या लांब पल्ल्याच्या ओरिएंटिअरिंगची, म्हणजे नकाशा आणि होकायंत्राच्या आधारे वाट शोधत धावायच्या शर्यतीची तयारी करणाऱ्यांनाही हा सल्ला हमखास मिळतो.

त्यात तथ्य आहे, पण ते युरोपसारख्या थंड मुलखापुरतं. तिथे दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेला असतो, त्यामुळे खोडाची उत्तर बाजू जास्त ओलसर राहते. आपलं सातारा मात्र साधारण १७.७ अंश उत्तरेला आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत इथे दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेलाच सरकलेला असतो. २१ जूनला ऊन पडलं, तर साडेबाराच्या सुमारास मीटरभर काठी सरळ उभी रोवून बघा. जेमतेम दहा सेंटीमीटर सावली पडेल, तीही दक्षिणेला!

शिवाय शेवाळाला हवी असते ओल. कास, कोयनेच्या दाट रानात पावसाळ्यात ती चहूबाजूंनी मिळते. कललेल्या खोडावर पाणी वरच्या अंगाने ओघळतं, म्हणून हिरवा थरही बहुधा तिथेच जाड दिसतो, मग ते अंग कुठल्याही दिशेला असो.

खात्री करायची तर यवतेश्वरच्या घाटात होकायंत्र घेऊन दहा झाडं तपासा आणि प्रत्येकाची शेवाळलेली बाजू वहीत लिहा. शर्यतीत मात्र नकाशा आणि होकायंत्रच हातात ठेवा. धुक्यात डोंगराच्या चुकीच्या सोंडेवरून उतरलात, तर पुन्हा चढून येण्यात तासभर सहज जातो.