पार्श्वभूमी : परीक्षेच्या योजनेवर हेलकावणारे लोकप्रशासन

राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आणि वैकल्पिक विषय परत आला. लोकप्रशासन शिकवणाऱ्या विद्यापीठ विभागांच्या दृष्टीने हा बदल फार मोठा आहे, कारण या विषयाची भरती-ओहोटी गेली काही दशके स्पर्धा परीक्षांनीच ठरवली आहे.

मद्रासला १९३७ मध्ये या विषयाची पदविका सुरू झाली. स्वतंत्र विभाग १९५० च्या सुमारास नागपूरला उभा राहिला, तोही लोकप्रशासनाला स्थानिक स्वराज्याची जोड देऊन. इतरत्र हा विषय बराच काळ राज्यशास्त्राच्या पंखाखाली, एक-दोन पेपरांपुरताच राहिला.

१९८७ मध्ये केंद्रीय नागरी सेवा परीक्षेत तो स्वतंत्र वैकल्पिक विषय झाला आणि चित्र पालटले. अभ्यासक्रम आटोपशीर, पहिला पेपर सिद्धांताचा, दुसरा भारतीय प्रशासनाचा. अभियंता असो की डॉक्टर, पूर्वतयारी नसतानाही त्याला हाताळता येई, शिवाय निम्मा अभ्यास सामान्य अध्ययनाच्या उपयोगी पडे. शिकवणी वर्ग याच जोरावर वाढले.

मग २०१३ चा निर्णय आला. तोपर्यंत मुख्य परीक्षेत दोन वैकल्पिक विषय होते आणि मुलाखत सोडून २००० पैकी १२०० गुण त्यांचे होते. नव्या योजनेत एकच विषय राहिला, १७५० पैकी ५०० गुणांचा. सामान्य अध्ययनाचे पेपर दोनाचे चार झाले. शासनकारभार दुसऱ्या पेपरात गेला, प्रशासकीय नीतिमत्ता चौथ्यात. म्हणजे लोकप्रशासनाचा मोठा भाग सर्वांनाच सक्तीचा झाला, मग तोच विषय वेगळा घेण्याचे कारण फारसे उरले नाही. निर्णयाच्या बाजूचा युक्तिवाद असा, की वेगवेगळ्या विषयांच्या गुणांची तुलना न्याय्य होत नाही. तो खोटा नव्हता. पण त्याच अधिसूचनेत भारतीय भाषांतून परीक्षा देण्यावर, पदवीचे माध्यमही तीच भाषा असण्याची आणि ती निवडणारे किमान २५ उमेदवार असण्याची अट होती. महाराष्ट्रात त्यावरून गदारोळ झाला, संसदेतही झाला आणि अटी मागे घ्याव्या लागल्या. सारी चर्चा भाषेच्या मुद्द्यावर झाली, ती योग्यच होती. विद्यापीठातल्या विषयाचे काय होणार, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

राज्यात हे वर्षभर आधीच घडले होते. २०१२ च्या योजनेत वैकल्पिक विषय गेला. सामान्य अध्ययनाचे १५० गुणांचे चार पेपर आले, तेही बहुपर्यायी. ज्या विषयात धोरण का फसले याचे उत्तर दोन पानांत मांडायचे, तो चार पर्यायांत बसवला गेला.

याच काळात सार्वजनिक धोरणाच्या पदव्या वेगळ्या वाटेने आल्या. बंगळुरूच्या व्यवस्थापन संस्थेत २००२ मध्ये अधिकाऱ्यांसाठी असा अभ्यासक्रम सुरू झाला. तिथला भर अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि मूल्यमापनावर असतो. आपल्या लोकप्रशासनाच्या वर्गात नेमके हेच कमी पडते. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरचा नोकरशाहीचा सिद्धांत मुखोद्गत असलेला विद्यार्थी राज्याच्या अर्थसंकल्पाचे पुस्तक उघडतो आणि अडतो. लेखाशीर्षाची, म्हणजे खर्च कशावर झाला हे सांगणाऱ्या सांकेतिक क्रमांकाची, रचना सहा स्तरांची असते: प्रधान शीर्ष चार अंकी, उपप्रधान दोन, गौण तीन आणि पुढची तीन दोन-दोन अंकी, असे एकूण १५ अंक. २२१० म्हणजे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्यावरचा महसुली खर्च, ४२१० म्हणजे त्याच क्षेत्रातला भांडवली. फक्त २२१० ची बेरीज घेतली की रुग्णालयाची नवी इमारत हिशेबातून निसटते. दुसरी चूक स्तंभांची. अर्थसंकल्पीय अंदाज म्हणजे झालेला खर्च नव्हे. प्रत्यक्ष आकडा दोन वर्षांपूर्वीचा असतो, त्यामुळे तुलना करायची तर त्या-त्या वर्षाची पुस्तके शेजारी ठेवावी लागतात. हे शिकवायला चार तासिका पुरतात, तरी ते बहुतेक अभ्यासक्रमांत नाही.

राज्यातला नवा नमुना आधी २०२३ पासून लागू व्हायचा होता. पुण्यात उमेदवार रस्त्यावर उतरले, तेव्हा तो २०२५ वर ढकलला गेला. त्यांची वेळेची मागणी रास्त होती: वर्षानुवर्षे बहुपर्यायी सराव केलेल्याला वर्णनात्मक उत्तर काही महिन्यांत जमत नाही. आता गुणांची मांडणी केंद्रासारखीच, १७५० पैकी ५०० वैकल्पिकाचे. सामान्य अध्ययन आणि वैकल्पिक विषय यांतल्या ज्या दुहेरीपणामुळे २०१३ नंतर लोकप्रशासन घेण्याचे कारण कमी झाले, तो या मांडणीतही तसाच आहे.